डाव्या पायावरचा लाल दिवा

या प्रकरणात माझा भाग एवढाच की दिवा वैशालीचा होता, पाय तिघींचे होते आणि नोंदवही माझी होती. लखनौच्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. त्यामुळे आमच्या तेलीबागच्या मराठी महिला मंडळात मोजमाप म्हटले की वही आपोआप माझ्यापुढे येते. वहीत आकडे लिहायचे असतात. पण चार बायका एकत्र आल्या की आकड्यांच्या शेजारी किस्से साचत जातात आणि शेवटी समास पुरत नाही.

वैशालीचे यजमान हवाई दलात आहेत. ती सांगलीची, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली. आमच्या वसाहतीच्या तलावात उन्हाळ्यात मुलींचा पोहण्याचा वर्ग सुरू व्हायचा होता. पण शिकवणारी बाई मिळाली तरच, असे मुलींच्या आयांनी बजावले होते. चौदा मुलींनी नावे दिली होती, त्यांत माझी नात ऋचाही होती. वैशालीखेरीज कोणाला पोहता येत नव्हते आणि वैशाली नाही म्हणत होती.

कारण तिने मला स्वयंपाकघरात, दार लोटून सांगितले. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या मांड्यांवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडल्या होत्या. त्यालाच सेल्युलाइट म्हणतात.

"बाई, पोहण्याच्या पोशाखात सगळं दिसतं. काठावर चौदा जणींच्या आया बसणार. मी नाही उतरायची."

मग तिने, खळ्या कमी होतात असे ऐकून, लाल प्रकाशाचा दिवा मागवला आणि वसाहतीच्या समितीकडून एप्रिलअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. फरक पडला तर वर्ग होणार, नाही तर नाही.

*

दिवा म्हणजे परातीएवढी चौकोनी पाटी, तिच्यावर लहान लहान लाल दिवे. पहिल्या संध्याकाळी वैशालीच्या खिडकीचा पडदा लालभडक झाला. शेजारचे मिश्राजी सज्जन गृहस्थ, त्यांनी जिन्यात अदबीने विचारले, "भाभीजी, कोई विशेष पूजा चल रही है? समय बता दीजिए, हम भी दर्शन कर लेंगे."

सुभेदार मोहिते यांच्या पत्नी, आमच्या मोहिते काकू, मागून पायऱ्या उतरत होत्या. त्या न थांबता म्हणाल्या, "ज़रूर आइए, मगर पजामा घुटने के ऊपर चढ़ाकर."



*

मी वैशालीला गोमती नगरमध्ये त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या स्पष्ट बोलल्या. हा आजार नाही, बहुतेक बायकांना असतो. दिव्याने काहींची त्वचा थोडी गुळगुळीत दिसते, तीही वापर चालू असेपर्यंत. खळ्या पुसल्या जातीलच असे कोणी सांगू शकत नाही. चष्मा लावा आणि प्रकाशाकडे टक लावून पाहू नका.

"लेकिन पूरा चला जाएगा ना?" वैशालीने तिसऱ्यांदा विचारले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "मैडम, मेरे भी हैं."

परतताना ई-रिक्षा तेलीबागला पोचली तेव्हा वैशाली म्हणाली, "त्यांच्याकडे दिवा नसेल, बाई."

*

प्रयोग करायचा तर नीट, असे मी ठरवले. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी दहा मिनिटे. प्रकाश फक्त डाव्या मांडीवर. उजवी तुलनेसाठी जशीच्या तशी. सुरुवातीला आणि अखेरीस छायाचित्र, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी. वैशालीला एकटीला संकोच वाटू नये म्हणून मोहिते काकू आणि नागपूरच्या वानखेडे वहिनी सामील झाल्या. दिवा आळीपाळीने तिघींच्या घरी जाई.

छायाचित्राच्या दिवशी वानखेडे वहिनी इस्त्रीची पैठणी नेसून, केसांत गजरा माळून आल्या.

मी म्हणाले, "वहिनी, छायाचित्र मांडीचे काढायचे आहे."

"माहीत आहे जी. पण फोटो तो फोटो."

*

याच वहिनी एका दुपारी काळा चष्मा लावून दिव्यापुढे बसल्या असताना दाराची घंटा वाजली. त्या चष्म्यासकट उठल्या आणि भिंत चाचपत दारापर्यंत गेल्या. कुरिअरवाल्याने त्यांचा हात धरून सही कुठे करायची ते दाखवले आणि कळवळून विचारले, "अम्मा, आँख का ऑपरेशन कब हुआ?"

"आँख ठीक है, भैया," वहिनी म्हणाल्या. "इलाज जाँघ का चल रहा है."

तेव्हापासून तो पाकीट पायरीवर ठेवून घंटा वाजवतो आणि जातो.

*

सहा आठवडे संपले. मी तिघींना बोलावून वही उघडली आणि पहिल्याच प्रश्नाला माझा प्रयोग कोसळला.

मोहिते काकूंनी सहाही आठवडे उजव्या मांडीला प्रकाश दिला होता. "डावा पाय पुढे करून कोणी कामाला सुरुवात करतं का? सून घरात येताना उजवा पाय टाकते. तुमच्या वहीसाठी मी उलटा रिवाज करायची नाही."

वानखेडे वहिनींनी दोन्ही मांड्यांना दिला होता. "दोन लेकरांतल्या एकाले जेवू घालायचं अन् दुसऱ्याले नुसतं पाहत बसवायचं? काहून?"

शाळेत असते तर दोघींना वर्गाबाहेर उभे केले असते. नियम पाळला होता एकट्या वैशालीने, आणि समितीला उत्तर देण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

*

तेव्हा मी वैशालीच्या छायाचित्रांच्या चार प्रती काढून आणल्या: डावी आणि उजवी, आधीची आणि नंतरची. तारीख व बाजू फक्त मागे लिहिली. चारही छायाचित्रे मेजावर मिसळून ठेवली आणि प्रत्येकीला सांगितले की सर्वांत चांगली मांडी कोणती, ते बोट ठेवून दाखवा.

मोहिते काकूंनी एकीवर बोट ठेवले, वानखेडे वहिनींनी दुसरीवर. माझ्यामागून डोकावणारी ऋचा नेहमीप्रमाणे हिंदीत म्हणाली, "आजी, चारों सेम हैं. क्लास कब से है?"

वैशालीने मात्र वेळ घेतला. एकेक छायाचित्र उजेडात धरले, दूर नेले, जवळ आणले. अखेर तिचा चेहरा उजळला.

"ही. खळ्या जवळजवळ गेल्या आहेत. बाई, दिव्यानं काम केलं. स्पष्ट दिसतंय."

मी छायाचित्र उलटे करून मोठ्याने वाचले. पहिला दिवस, उजवी मांडी.

वैशालीने ते माझ्या हातून घेतले, पुन्हा सुलटे केले आणि बराच वेळ पाहिले.

"म्हणजे ही मांडी मी आधीपासूनच घेऊन फिरत होते," ती म्हणाली. आणि मग, "ऋचा, टोपी आहे का तुझ्याकडे? केस मोकळे सोडून पाण्यात घेणार नाही मी."

ठरले ते असे. मुलींचा वर्ग मेच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहाला सुरू होईल आणि वैशाली शिकवील. मोहिते काकूंनी एक दुरुस्ती सुचवली: बाईंनी वही घेऊन काठावर बसायचे नाही, पोशाख घालून पाण्यात उतरायचे. वानखेडे वहिनींनी अनुमोदन दिले. ऋचाने दोन्ही हात वर केले आणि ती दोन मते धरण्यात आली. ठराव दुरुस्तीसह संमत झाला. विरोधात एक मत पडले. ते कोणाचे, याची नोंद वहीत आहे.