टोकावरचं कुंकू

तुमच्या घरातल्या नेटच्या डबीवर किती दिवे आहेत, सांगता येईल का? बिल भरता, नेट अडकलं की पोरांवर खेकसता. पण दिवे कधी मोजलेत? अर्धापूरच्या सगुणाबाईनं मोजले होते. चार.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. केळीचे घड डोक्यावर वाहून तिनं लेकीला, अयोध्येला, नर्सिंग शिकवलं. आता हैदराबादच्या एका दवाखान्याची मुलाखत नेटवर व्हायची होती. मोबाईलवर बोलणं व्हायचं, पण घरात चित्र अडकायचं. म्हणून बाईनं फायबरचं नेट घेतलं.

दसऱ्याला घरातली हत्यारं पुजतात. सगुणाबाईनं कोयता पुजला, मग ही डबी. नीट पुसावी म्हणून मागची बारीक पिवळी वायर उपसली, तिच्या टोकालाही बोटानं हळदकुंकू लावलं आणि परत खोचली. चारातला एक दिवा लाल झाला.

दीर शिवलिंग दारातच उभा होता. "विधवेच्या हातची पूजा लागती का कधी, वैनी? घ्या आता!"

अयोध्या उसळली. आईनं तिला डोळ्यानंच गप्प केलं. आणि दिवसभर ती स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. दिराचं बोलणं तिला खरं वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मुलाखत. नऊ वाजता तिनं नेटच्या लाईनमनला, व्यंकटीला, फोन लावला. तो सणाला भोकरला गेलेला.

"व्यंकटी, लाल दिवा लुकलुकून राहिलाय रे."

"पॉवरचा का?"

"न्हाई, त्यो हिरवा हाय. बाजूचा."

"मंग डबी ठणठणीत हाय, मावशी. ह्या वायरीतून नेट उजेडावर येतं, त्यो उजेडच येऊन न्हाई राहिला. कुठं मुडपली का बघा."

बाईनं भिंतीवरून बोट फिरवत वायर तपासली. मोड नव्हता.

"टोकाला कुणी हात लावला?"

बाई घुटमळली. "म्या. हळदकुंकू वाहिलं."

व्यंकटी खो खो हसला. "लोकं डबीला हार घालतेत, तुम्ही थेट नाडीलाच कुंकू लावलं! अवो, धुळीचा कण बी उजेड अडवतो. टोक पुसा, पर पदरानं न्हाई. आन् त्यात डोळा घालून बघू नका, डोळ्याला वाईट."

अयोध्येनं नर्सिंगच्या पेटीतून इंजेक्शनआधी लावायची स्पिरिटची पट्टी काढली.

"आण इकडं," सगुणाबाई म्हणाली. "म्या लावलं, म्याच काढते."

पुसलं, वाळू दिलं, खोचलं. लालच. नवी पट्टी घेऊन पुन्हा पुसलं. पट्टीवर पिवळा-तांबडा डाग उमटला. टोक खट्‌कन बसलं, लाल विझला, हिरवा थोडा चाचपडला आणि स्थिर झाला.

"म्हणलं व्हतं ना, तुमच्या कुंकवानंच झालं!" पुन्हा दारात येऊन उभा राहिलेला शिवलिंग म्हणाला.

"हाव भावजी, कुंकवानंच झालं. तुमच्या सवाष्ण बायकोनं, जाऊबाईनं, लावलं असतं तरी झालंच असतं. आता बसायचं तर गुमान बसा. पोरीची मुलाखत हाय."

अकराला हैदराबादहून अयोध्येचं नाव पुकारलं गेलं. आवाज स्वच्छ होता. दाराआड उभ्या सगुणाबाईला त्या इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं. लेक मात्र न अडखळता बोलत होती.

पुढच्या दसऱ्याला तुमच्या घरातल्या विधवेच्या हाती पूजेचं ताट द्या. आणि तिनं पुजलेलं काही बंद पडलंच, तर तोंड उघडण्याआधी वायर तपासा.