मधली रिकामी खुर्ची

भूत, आत्मा, अंगात येणं... आमच्या घरात या शब्दांना थारा नव्हता, हे आधीच सांगतो. आजही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवलं. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो आणि बहुतेकांच्या शेवटी मान हलवून पान उलटतो. तरीही आज लिहायला बसलोय, कारण मागच्या महिन्यात आई गेली, आणि ही गोष्ट माहीत असलेला आता मी एकटाच उरलो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही नाशिक रोडला राहायचो. माझे वडील — दादा — प्रेसमध्ये मशीनवर होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी जुनं सगळं सोडलं ते सोडलंच. आजी वारली तेव्हा दहावं-तेरावं केलं नाही. अर्ध्या नातेवाइकांनी बोलणं टाकलं, पण दादा डगमगले नाहीत. रिटायर झाल्यावर बुद्धगया आणि राजगीर बघायचं त्यांच्या मनात होतं. राजगीरच्या रोपवेची तर त्यांना फार हौस. "माणूस नुसता बसलाय आणि डोंगर चढतोय! ती खुर्ची तारेला धरते कशी, ते बघायचंय मला," म्हणायचे.

ते राहून गेलं. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बोलावलं. "माझ्यामागे पिंडदान नको. गयेला उतराल ते गाडी बदलायला. बाकी कशाला नाही." मी शब्द दिला. आई पायाशी बसली होती. ती त्यांचे पाय चेपत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात कॉलनीतल्या उपासकांची सहल निघाली. मी आईला घेऊन गेलो. मनमाड स्टेशनवर मामा डबा द्यायला आले होते. गाडी सुटता सुटता खिडकीतून आईला म्हणाले, "आक्के, गयेवरून चाललीस. दाजींचा जीव कुठं अडकला आसंल तर सोडवून ये. लय अवघड नाय ते."

रात्रभर आईला झोप नाही. पहाटे म्हणाली, "खरंच अडकले असतील तर रे?"

"आई, मी शब्द दिलाय."

"तू दिलायस. मी नाही दिला."

राजगीरला सकाळी सगळ्यांनी पायथ्याशी त्रिशरण-पंचशील घेतलं आणि रोपवेच्या रांगेत उभे राहिलो. हा रोपवे म्हणजे एकेका माणसाची उघडी खुर्ची. ती थांबत नाही. मागून येते, गुडघ्याला लागते, तेवढ्यात बसायचं. शेजारच्या पगारे मावशी हसून हसून बेजार. "पाळण्यात बसायचं वय हाय का आपलं, कमळे? पडले तर ह्यांना सांगा, बाई वर जाता जाता वर गेली!"

"माताजी, बैठिए, रुकेगी नहीं!" म्हणत तिथल्या माणसाने आईला बसवलं आणि पुढचा दांडा लावला. माझी शाल सावरण्यात वेळ गेला आणि पुढची खुर्ची तशीच निघून गेली. तिच्या मागच्या खुर्चीत मी बसलो. म्हणजे पुढे आई, मध्ये रिकामी खुर्ची, मागे मी.

अर्ध्या वाटेवर वीज गेली. खाली दरी, झाडांचे शेंडे. वारा चांगलाच होता. उतरणीच्या तारेवरच्या रिकाम्या खुर्च्या भिरभिरत होत्या. आईची आणि माझीसुद्धा डोलत होती. आईने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, आणि ती पुढे सरकत होती... जणू उतरायचंच आहे. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण दचकून तिचा हात सुटेल म्हणून मिटलं.

तेव्हा मधल्या खुर्चीकडे लक्ष गेलं. ती हलत नव्हती. जरासुद्धा नाही. माणूस बसल्यावर खुर्ची जशी किंचित मागे कलून स्थिर राहते, तशी लटकत होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तशीच.

आणि आई मागे सरकून नीट बसली. तिचे खांदे सैल झाले. कुणाचं ऐकत असावी तशी ती मधून मधून मान हलवत होती.

वीज आली. वर उतरल्यावर आईने माझा हात धरला. "बरं झालं बोलत राहिलास. नाहीतर मी उडी मारली असती."

"काय बोललो?"

"हेच की, थांबलंय म्हणजे धरलंय. सुटलं असतं तर थांबलं नसतं. खाली नको, तारेकडे बघ."

'थांबलंय म्हणजे धरलंय'... मशीन अचानक बंद पडली की दादा हे म्हणायचे. ते वाक्य आईलाही पाठ असणार. भीतीत मनानेच ते ऐकवलं असेल, असं मी स्वतःला लगेच समजावलं.

आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. 'हो आई, मीच बोलत होतो.' विषय मिटला असता, गया टळली असती, दादांना दिलेला शब्द राहिला असता. पण खोटं बोलणार नाही असं सकाळीच पायथ्याशी हात जोडून म्हटलं होतं. आणि दादांचा शब्द खोट्याच्या आधाराने पाळायचा, हे मला पटेना.

"मी बोललो नाही, आई," मी म्हणालो, आणि खुर्चीचंही सांगितलं.

ती डोंगरावरच्या स्तूपाच्या पायरीवर बसून राहिली.

परतताना गया स्टेशनवर पंडे भेटलेच. "माताजी, महाराष्ट्र से? किसका पिंड है?"

आई थांबली. मी पिशव्या खाली ठेवल्या. "मी येणार नाही," म्हणालो. "तुला अडवणारही नाही. इथेच उभा राहतो."

आईने पंड्याकडे बघितलं. "महाराज, जो आदमी खुद अटका है, वो दूसरे को धीरज देता है क्या?"

"जी?"

"नहीं देता," आईनेच उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "उचल पिशव्या. ते अडकलेले नाहीत."

पुढे मी यंत्रं कळणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं. एकाने आडोसा सांगितला, एकाने तारेचा ताण. पण पुढच्या-मागच्या खुर्च्या डोलत असताना मधली एकटीच स्थिर का, हे कुणाला सांगता आलं नाही. मलाही येत नाही. दादा तिथे होते, असं मी म्हणणार नाही. खुर्ची हलत होती, असंही म्हणणार नाही.

परवा आईचा जलदान विधी झाला. पिंड ठेवला नाही, कावळ्याची वाट पाहिली नाही.