मामांची एकुलती एक चूक

माझ्या बायकोचे पारोळ्याचे मामा आयुष्यात कधीही चुकलेले नाहीत. हे मत माझं नव्हे, त्यांचं स्वतःचं आहे; पण इतकी वर्षं ते इतक्या ठामपणे सांगत आलेत की सगळ्या नातलगांनी वाद घालणं सोडून दिलंय. वरणगावला फिटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर पारोळ्यात स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधलं आणि गच्चीवर जाणारा जिना गच्चीच्या हातभर खालीच संपला. मामा शांतपणे म्हणाले, "जिना बरोबर शे. गच्ची उंच व्हयी गयी." आजही त्या घरात शेवटच्या पायरीवर स्टूल ठेवून वर चढावं लागतं.

बॅटरीच्या सायकलीचा घाट त्यांनी घातला तो मामींसाठी. मामींच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, अंथरूण धरलं होतं आणि त्यांचं गाव पाच किलोमीटरवर. मामींचे गुडघे गेलेले. स्कूटरवर त्यांना घेरी येते, रिक्षाच्या हिसक्यांनी गुडघे दुखतात. मात्र मामांच्या सायकलीच्या कॅरिअरवर त्या लग्न झाल्यापासून निर्धास्त बसत आलेल्या. दर सोमवारी अक्कांपाशी घटकाभर बसून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण अडुसष्टाव्या वर्षी मामांना दोघांचं वजन ओढवेना. अर्थात त्यांच्या मते पायांना काही झालेलं नव्हतं. "लोकेस्नी रस्ताच चढना करी टाका," असं त्यांचं निदान होतं.

मी जळगावात नोकरीला, त्यामुळे सामान आणायची कामगिरी माझ्याकडे आली. "येताना एवढं घेऊन या, जवाईबापू," असा फोन आला की मी कागद-पेन घ्यायचो. मोटार जळगावची, मोडीतल्या लॅपटॉपांचे सेल धुळ्याचे आणि ते जोडण्याची अक्कल मामांची. पहिल्या फेरीत मोटार इतकी झकास चालली की ब्रेक लावायचे राहून गेलेत हे बाजारातून परतताना कळलं. घरासमोर उतरायचे मामा धुळ्याच्या रस्त्याला लागले आणि एका उसाच्या ट्रॉलीमागे कसेबसे थांबले. तासाभराने सायकल ढकलत आले आणि म्हणाले, "मीच म्हनं, जरा हवा खाई येवू."

मग ब्रेक आले, त्यांच्याबरोबर मोठी बॅटरीही आली आणि ती थेट कॅरिअरवर बसली. मामी नवं लुगडं नेसून, अक्कांसाठी भरताचा डबा घेऊन दारात उभ्या. "मंग मी कोठे बठू?" त्यांनी विचारलं. मामांनी सायकलीकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं. "आते बॅटरी बठी शे. तू पुढना टायमाले बठ." तो डबा आम्हीच संपवला. उन्हाळ्यात बॅटरी तापायला लागली, तेव्हा मामांनी माठाला गुंडाळतात तसं तिला ओलं गोणपाट गुंडाळलं. माठ गार होतो, बॅटरीतून धूर निघाला. यात चूक मे महिन्याची होती.

चौथ्यांदा मात्र त्यांनी सायकल खरोखर मन लावून बांधली. बॅटरी दांड्याखाली गेली, कॅरिअरवर गादी आली, मामींना पाय ठेवायला दोन पट्ट्या आल्या. मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारी कंट्रोलरची डबीही नवी आली. मामा मामींना कौतुकाने म्हणाले, "सारी अक्कल ह्या डबीमा शे." मामींनी ते मनावर घेतलं. गाडीची पूजा करताना चाकाला नुसतं कुंकू लावलं. डबीला हळद-कुंकू, फूल, अक्षता आणि फोडलेल्या नारळाचं सगळं पाणी. मग त्या गादीवर बसल्या. सायकल दहा पावलं गेली आणि बंद पडली.

त्यानंतर तीन आठवडे मामांनी सायकल खोलली आणि जोडली. अक्कांकडून दोनदा निरोप आला. मामी सोमवारी सकाळपासून भांडी जोरात आपटत. डबी मामांनी स्वतः चिकटपट्टीने बंद केलेली, त्यामुळे तिच्यावर त्यांचा संशयच नव्हता. शेवटी माझ्यासमोर उघडली. आत सगळं चिकट झालं होतं आणि खवट नारळाचा वास आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. दारातून मामी विचारत होत्या, "काय व्हयनं?"

मामांनी डबी मिटली. "मन्ही चूक व्हयनी," ते म्हणाले. "मी वायर उलटी लाई दिन्ही."

मामी आधी जवळ आल्या आणि त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. दुपारपर्यंत गल्लीभर बातमी झाली. लोक मुद्दाम येऊन "मामा, ऐकलं ते खरं का?" असं विचारून जात आणि मामा मान डोलवत. मला कोपऱ्यात घेऊन एवढंच म्हणाले, "तिले सांगू नका, जवाईबापू. ती परत ह्या सायकलवर बठनार नही."

नवी डबी आली आणि मामी निघाल्या. पहिल्या सोमवारी मी मोटरसायकलवरून मागोमाग गेलो. मामींनी एका हाताने मामांचा सदरा धरला होता आणि सायकल चढावर कुरकुरत का होईना, चढत होती. अक्कांनी बहिणीचा हात हातात घेतला तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. असे चार महिने गेले, एकही सोमवार चुकला नाही. मग अक्का गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा दोघं ओसरीवर बसली होती. मामी म्हणाल्या, लग्न झाल्यापासून अक्काला मी एवढी कधी भेटले नव्हते. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "तीन सोमवार वाया गयात पन," त्या मामांना म्हणाल्या, रागाने नव्हे, "तुमन्या त्या वायरमुळे."

मला राहवेना, मी बोलायला तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हां," ते मामींना म्हणाले. "मन्हीच चूक व्हती ती."