फक्कीची रेषा

दर रविवारी सकाळी आम्ही कर्वेनगरच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळायला पोचतो, तेव्हा एक गृहस्थ आधीच वाकून फक्की टाकत असतात. वय पंचावन्न, बँकेत कारकून, गुडघ्याला पट्टा. ज्या रेषेबाहेरून बास्केट केली की दोनाऐवजी तीन गुण मिळतात, तेवढी एकच रेषा ते आखतात. "राखायची ती हद्द दिसायला तरी हवी," म्हणतात.

स्वतः बास्केट करायच्या भानगडीत ते पडत नाहीत. मी लांबून बॉल टाकतो, म्हणून माझ्यासमोर उभे राहतात. उडी मारत नाहीत, बॉल हिसकावत नाहीत. हातभर अंतरावर नुसते पाय सरकवत राहतात, आणि त्यांचा पंजा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मला त्यांचा राग येतो. ते आले नाहीत, तर खेळात मन लागत नाही.

परवा शेवटच्या मिनिटाला त्यांचा संघ दोन गुणांनी पुढे होता. आमचा एक जण बॉल घेऊन आत घुसला. मी रेषेबाहेर पासची वाट बघत होतो. त्यांचे सगळे ओरडले, "अहो, आत या." ते मला सोडून हलले नाहीत. आत बास्केट झाली, बरोबरी झाली, आणि जादा वेळेत तेच जिंकले.

बूट काढताना मी विचारलं, "आत का नाही गेलात?"

"आतून दोनच गेले. तुम्ही तीन घातले असते."

"कशावरून? माझा नेम चुकलाही असता."

गुडघ्याचा पट्टा सोडत ते म्हणाले, "चुकेल या आशेवर मी उभा राहत नाही."