घरी बांधलेलं इंजिन

खाडीत गाळ कोणी टाकत नाय, तरी साचतो. आमच्या माडीवरचे किस्से पन तसेच. सांगून सांगून मी दमलो, तरी हायेतच.

माडीवर माझा पुतण्या निलेश आन त्याच्या कॉलेजातली सायली कंप्युटरचा गेम बनवतात. आपल्या पनवेलच्या खाडीतल्या होडीचा. गेम ज्याच्या जिवावर चालतो त्याला हे इंजिन बोलतात. सायली बोलते तयार मिळतं, ते घे. निलेश बोलतो माझं मीच बनवणार. तवापासून बनवतोयच.

*

पयल्या वर्षी इचारलं, काय झालं रं? बोलला, पाणी झालं. दुसऱ्या वर्षी इचारलं, तर बोलला, पाणी अजून चांगलं झालं. आन होडी? ती शेवटी.

"म्हंजे तवर पोवायचं?"

*

एकदा सायलीनं मला साक्षीला धरलं. काका, तुमची होडी तुम्ही स्वतः बांधली का? बोललो, नाय गो, फायबरची तयार घेतली.

"मासळीनं कंदी इचारलं नाय, कोणी बांधली."

सायली खूष. निलेश दोन दिस माझ्याशी बोलला नाय.

*

मंग मी काय केलं, कंप्युटरच्या मागं वाटीभर सुकट ठेवली. वास सुटला. सायली बोलली, तुझं इंजिन मशीन जाळतंय. निलेशनं दिसभर बसून कोड कापला, हलका केला. संध्याकाळी मी गुपचूप वाटी उचलली.

"बघ, सुधारलं!" पोरगा बोलला.

आता काय सांगनार त्याला.

*

शेवटी सायली पन थकली. पुण्याची नोकरी आलेली. बोलली, मुंबईचे एक सर गेम बघायला येतायत, त्यांनी घेतला तर थांबते, नायतर जाते. निलेशचं जेवणात लक्ष लागेना.

साहेब भर दुपारी आला. आठमीचा दिस. गेममधे आता होडी पन होती, झकास. साहेबानं बटण दाबलं. होडी हलेना. परत दाबलं. चिखलात रुतून बसलेली. सायलीनं डोकं धरलं. साहेबानं इचारलं, बिघडलंय का काही?

निलेश खाली बघत पुटपुटला, "सर, पाणी मी तिथीवर लावलंय. खऱ्या खाडीसारखं."

मी पडद्याकडं बघितलं. मंग खिडकीतून खाडीकडं.

"साहेब, ओहोटी हाय. आपली होडी पन तिकडं तशीच बसलेय."

साहेब खिडकीशी गेला. कंप्युटरशी आला. परत खिडकीशी गेला. मंग खुर्ची ओढून बसला.

"पाणी कधी येतं?"

मी तोंड उघडायच्या आधी सायली बोलली, "तीनच्या पुढे, सर. काका, चहा टाका. माझा पण."