कुणाची रोटी किती

झहूर मोरोक्कोतल्या बेनी मेल्लालच्या विद्यापीठात आहारशास्त्र शिकवायची. फळ्यावर ताट काढायचं, त्याचे भाग पाडायचे: भाजी, धान्य, मांस, फळ. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मग तिच्या वर्गातली मुलं सरावासाठी दवाखान्यात बसू लागली. बायकांना विचारायची, "काल ताटात किती घेतलंत?" बायका हसायच्या. घरात मधे एकच ताजीन, रश्श्याचं मातीचं भांडं, भोवती सगळे, ज्यानं त्यानं आपल्या समोरचं रोटीनं टिपून खायचं. स्वतःचं ताट होतं कुणाला?

झहूरनं फळा पुसला आणि विभागप्रमुख अब्देलवाहेद साहेबांकडे शिकवायला स्वयंपाकघर मागितलं.

"एक सत्र देतो, लल्ला," बाईंना तिथं आदरानं म्हणतात तसं साहेब म्हणाले. "कुणी किती खाल्लं ते परीक्षेत मुलांना सांगता आलं नाही, तर पुन्हा फळा."

रीत सोपी, पण कष्टाची. प्रत्येकाची रोटी आधी तोलायची, उरलेली नंतर. मुलांनी सत्रभर कांदे चिरले, भांडी घासली, रोट्या तोलल्या.

परीक्षेला साहेब स्वतः जेवायला बसले. यजमानपण इत्तो या विद्यार्थिनीकडे होतं. पाहुणा समोर दिसताच तिनं बिस्मिल्ला म्हणून तोललेल्या सगळ्या रोट्या मोडल्या, तुकडे वाटले. सर्वांत मोठा ढीग साहेबांपुढे. मांसही तिकडेच सरकलं.

जेवणं उरकली. साहेबांनी विचारलं, "बोल पोरी, तू किती खाल्लंस?"

इत्तो तुकड्यांकडे बघत राहिली. "माझी रोटी कुठली तेच कळत नाही, साहेब."

"आणि मी?"

"तुम्ही भरपूर."

मुलं फिदीफिदी हसली. साहेबही हसले. "जाऊ दे, लल्ला. पाहुणचारच केलाय पोरीनं. पास कर."

"तोललं नाही, तर गुण नाहीत," झहूर म्हणाली.

"मग स्वयंपाकघर जाईल."

"जाऊ दे. पण पाहुणा घरोघरी येतो, तेव्हाही मोजता आलं पाहिजे. उद्या पुन्हा करतील. तुम्ही या."

"उद्या मांस?"

"मसूर."

साहेब कुरकुरले, पण आले. इत्तोनं आपल्या रोटीचा तुकडा याही वेळी त्यांना दिला, पण आधी काट्यावर ठेवून. शेवटी तिनं एकेकाचा आकडा वाचला. स्वतःचा ऐकून साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"एवढी रोटी? मी?"

"मसूर आवडली असेल," इत्तो म्हणाली.

स्वयंपाकघर राहिलं. झहूरनं इत्तोला पास केलं, काठावर.