काचपेटीचा बझर

आमच्या मजल्यावर तिला 'दोनदाताई' म्हणत. कुलूप लावले की ती ते ओढून पाहायची, जिना उतरायची आणि पुन्हा वर येऊन ओढायची. "चिमणीएवढं काळीज बाईंचं," शेजारी म्हणत, "आणि या म्हणे यंत्रं बनवतात!"

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचपेटीचे नियंत्रण ती बनवत असे. बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर तापमान सांगतो आणि त्यानुसार हीटर चालतो. तो सेन्सर निसटला तर पेटीला बाळ गार पडल्यासारखे वाटेल आणि ती तापतच जाईल, ही तिची कायमची धास्ती. म्हणून जराशी शंका आली तरी बझर वाजावा आणि सेन्सर सुटला तर हीटर आपोआप बंद पडावा, असा बंदोबस्त तिने केला होता. शंकेची मर्यादा ती दर चाचणीला आणखी कडक करी.

"बाळानं जांभई दिली तरी ओरडेल ही," सहकारी हसत.

"ओरडू दे."

मग धाकट्या भावाची मुलगी वेळेआधी जन्मली. अतिदक्षता कक्षात शिरताच आत्याने आधी पेटीवरचा शिक्का वाचला. पेटी तिच्याच कारखान्याची होती.

"बरं झालं, ताई, तुझीच पेटी मिळाली," भाऊ म्हणाला. "आता घोर नाही."

आत्या काचेवर वाकली. ती पेटी कशाकशाने बिघडू शकते, हे त्या खोलीत तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात तिला तांबडा दिवा लुकलुकताना दिसला. सेन्सर सुटला होता. हीटर ठरल्याप्रमाणे बंद पडला होता. आवाज मात्र नव्हता.

"सिस्टर! बझर का वाजत नाही?"

परिचारिका धावत आली आणि तिने सेन्सर पुन्हा बसवला. बाळाचे तळवे गार लागत होते. ओशाळून तिने पेटीची मागची बाजू दाखवली. बझरच्या जाळीवर कापूस होता आणि त्यावर चिकटपट्टीचे थर.

"काय करणार, ताई? पाय झाडला तरी बोंबलतो मेला. बाकीची बाळं दचकतात. सगळ्याच पेट्यांना असं केलंय. कुणा भित्र्यानं बनवलाय, कोण जाणे!"

"मी बनवलाय," आत्या म्हणाली. बाळाचे तळवे कोमट होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढे तिने रचना बदलली. किरकोळ शंकेला नुसता दिवा, आणि हीटर बंद पडला तरच बझर. यातून तिला नवीच धास्ती लागली: सैल केलेल्या मर्यादेतून एखादी खरी शंका सुटून गेली तर? झोप पूर्वी उशिरा लागे, आता ती मध्येच मोडू लागली.

भाची सुखरूप घरी आली, तेव्हा शेजारीण पाहायला आली. "आलं ना बाळ घरी? आता तरी निवांत झोपा हो, दोनदाताई."

ती कामावर निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, "आमचं आलं. बाकीच्यांची अजून पेटीत आहेत."